हार्ट तर सगळ्यांचंच बंद पडतं

आमच्या मॅडमना कुणी गेल्याची बातमी सांगितली तर त्या 'अरेरे' म्हणत नसत. चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कशानं?"

"हार्ट फेल झालं, मॅडम."

"हार्ट तर सगळ्यांचंच बंद पडतं. तुझंही पडणार, माझंही पडणार. त्याच्या आधी काय झालं ते सांग."

एकदा आजी गेली म्हणून रजा मागायला आलेल्या नव्या पोराला त्यांनी उभ्या उभ्या आजीची भूक, आजीचं वजन आणि आजीची लघवी यांच्याबद्दल इतकं विचारलं की पोरगा रडायला लागला. आजीच्या आठवणीनं की अपमानानं, ते कळलं नाही. रजा त्यांनी लगेच दिली. वर बजावलं, "गावी जातोस तर काकूला नीट विचारून ये. तुला काही माहीत नाही."

आमचा धंदाच तो होता. आपल्या देशात पुष्कळ माणसं घरच्या घरी मरतात, डॉक्टरनं तोंडही न बघता. मग काही दिवसांनी आमचा माणूस त्या घरी जातो, बसतो, चहा पितो आणि विचारतो, काय काय झालं होतं. ती हकीकत दिल्लीला आमच्या ऑफिसात येते. दोन डॉक्टर ती वेगवेगळे वाचतात आणि मरणाचं कारण ठरवतात. अशा हकिकतींवरून कळतं की कुठल्या राज्यात बायका कशानं मरतात. ह्या प्रकाराला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मॅडम त्याला 'तोंडी पोस्टमार्टेम' म्हणायच्या. बायकांचा कॅन्सर हा विभाग त्यांच्याकडे होता आणि मी त्यांच्या हाताखाली होते. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी "मुलगी काय करते" म्हणून विचारलं तेव्हा माझ्या वडिलांनी "सेंट्रल गव्हर्नमेंट" एवढंच सांगून विषय बदलला होता.

मॅडम मूळच्या वाशीमकडच्या एका खेड्यातल्या. वडील शाळामास्तर, बाबासाहेबांचा फोटो आणि पाढे ह्या दोन गोष्टींवर घर चाललेलं. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि खांद्याला पिशवी, तिच्यात नेहमी फुटाणे. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मुलगा बघायला आला तेव्हा मी सर्व्हेला गेले होते." मी दिल्लीतच वाढलेली, मयूर विहारच्या सोसायटीतली. माझं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तुझं मराठी म्हणजे मेट्रोची ब्लू लाइन. दर स्टेशनावर एक हिंदी शब्द चढतो आणि उतरत कुणीच नाही."

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आईबरोबर राहायच्या. तिथे प्रत्येक दाराआड वेगळं राज्य. मॅडमना शेजारणींची नावं कधी पाठ झाली नाहीत, त्यांनी राज्यंच पाठ केली. सकाळी ऑफिसात येऊन सांगायच्या, "केरळ काल मॅमोग्राफी करून आली, शाणी आहे. बिहार ऐकत नाही. मिझोरामला म्हटलं, तंबाखू सोड, नाहीतर आमच्या कॅन्सरच्या नकाशात येशील." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, मंत्रिमंडळाची बैठक चालू आहे.

नव्या पोरींसमोर तर त्यांची जीभ अजिबात अडखळायची नाही. "तुमच्या आज्या खालच्या कॅन्सरनं मरायच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या. आता शहरात तो कमी होतोय आणि छातीचा वाढतोय. बायकांचं मरण खालून वर सरकलंय. ह्याला म्हणतात प्रगती." पोरी डब्यातली पोळी तशीच धरून बसायच्या. मॅडम स्वतःचा डबा मात्र चाटूनपुसून संपवायच्या.

सर्व्हेला जाणाऱ्या माणसांना शिकवायची त्यांची पद्धत निराळी होती. बाकीचे अधिकारी पडद्यावर आकृत्या दाखवायचे. मॅडम सांगायच्या, "बाई मेली असेल तर नवऱ्याला नमस्कार करा, त्याचा चहा प्या आणि स्वयंपाकघरात जा. नवऱ्याला काही माहीत नसतं. मुलाला त्याहून कमी. सुनेला विचारा. चादरी तिनं धुतल्यात." ह्या एका नियमावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि तो नियम सहसा चुकायचा नाही.

नकाशावरून मात्र त्यांचं आणि डायरेक्टरसाहेबांचं वाजलं. साहेबांनी मोठ्या हौसेनं देशाचा रंगीत नकाशा करून घेतला होता. जिथे बायका कॅन्सरनं जास्त मरतात ते जिल्हे गडद लाल, जिथे कमी ते फिकट गुलाबी. ईशान्येकडचा भाग जांभळासारखा काळपट दिसत होता. फिक्या जिल्ह्यांना शाबासकीचं पत्र पाठवावं असा साहेबांचा विचार होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "ये सेहत का नहीं, पूछताछ का नक्शा है."

"मॅडम, कुछ पॉझिटिव्ह बोलिए."

"पॉझिटिव्ह ही बोल रही हूँ. मेरे ज़िले में औरतें अमर हैं. देखिए, कितना गोरा है."

त्यांचा जिल्हा खरोखरच नकाशात इतका फिका होता की दिसायचाही नाही. त्यांचं म्हणणं होतं, काही ठिकाणी खरंच मरणं कमी असतील, नाही कोण म्हणतं. पण जिथल्या निम्म्या हकिकती 'हार्ट फेल' ह्या दोन शब्दांत संपतात, त्या जिल्ह्याला गुलाबी रंग देणं म्हणजे कोऱ्या पेपरला पैकीच्या पैकी मार्क देणं. साहेबांनी मान डोलावली आणि काही केलं नाही. मग मॅडमनी छपाईच्या वेळी परस्पर ते सगळे जिल्हे राखाडी करून टाकले. अहवाल बाहेर आला तेव्हा देशाचा मोठा तुकडा ओल्या सिमेंटसारखा दिसत होता. त्यांची बदली तडकाफडकी राजभाषा कक्षात झाली. तिथे त्यांनी हिंदी पखवाड्यात निबंध स्पर्धा ठेवली, विषय 'मेरे घर की आख़िरी मृत्यु'. बक्षिसाला स्टीलचा डबा. चपराशांपासून अंडर सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी लिहिलं. साहेबांनी त्यांना मुकाट्यानं परत आणलं.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती फरीदाबादला. आमच्या ऑफिसातले एक इंजिनियर मराठवाड्यातले. त्यांची आई गेली, आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो. वंदना झाली, भाषणं सुरू झाली. "आमच्या मातोश्री हार्ट अटॅकनं अचानक गेल्या," असं इंजिनियर म्हणाले आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. मॅडम स्वयंपाकघरात गेल्या होत्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या थेट माईकजवळ. मला वाटलं, दोन शब्द बोलतील.

"आई हार्टनं गेल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं त्यांना अंगावरून जात होतं. त्या डागांचे कपडे साडीखाली वाळत घालायच्या. त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, असं मला वाटतं. लवकर कळला असता तर त्या आज इथे बसल्या असत्या. इथे बसलेल्या बायांनी घरी जाऊन विचार करावा. जय भीम."

इंजिनियरचा चेहरा विटेसारखा झाला. परतताना मेट्रोत मला तोंड लपवावंसं वाटलं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. "मॅडम, त्या सुनेनं विश्वासानं सांगितलं होतं. उद्या तिला घरात काय ऐकावं लागेल?"

"तिला ऐकावं लागेल. पण मांडवातल्या बायांनीही ऐकलं ना?"

"पण दुखवट्यात?"

"मग केव्हा? लग्नात?"

खरं आहे ते खरं आहे, आणि ते तिथल्या तिथे सांगायचं, मग समोर कुणी का असेना. ह्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. मी त्यांच्यावर चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच टेबलाशी जाऊन बसायचे. इंजिनियर मात्र पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये मॅडम दिसल्या की जिना चढायचे. त्यांचं वजन त्यामुळे कमी झालं, आणि मॅडमनी लगेच निरोप पाठवला की तपासून घ्या.

ह्यातूनच त्यांना ती अचाट कल्पना सुचली. मेल्यावर नवरा चुकीचं सांगणार हे ठरलेलंच आहे, तर बायांनी आपली हकीकत जिवंतपणीच का सांगू नये? थंडीत रविवारी दुपारी क्वार्टरमधल्या बाया लॉनवर उन्हाला बसत. शेंगा, किन्नू संत्री, मीठ लावलेला मुळा. त्या कोंडाळ्यात मॅडम ऑफिसचीच प्रश्नावली सुरू करायच्या. एकीनं मेलेली व्हायचं आणि दुसरीनं तिचा नवरा. बायांना हा खेळ तंबोलापेक्षा जास्त आवडायला लागला.

"बिहार गेली," मॅडम जाहीर करायच्या. "नवरा बोला. काय झालं होतं?"

बिहार स्वतःच नवऱ्याचा आवाज काढायची. "कुछ नहीं हुआ था जी. अच्छी-भली थी. सुबह मेरी चाय बनाई, फिर मर गई."

बाया हसून हसून लोळायच्या. आणि हसता हसता एखादी हळूच म्हणायची, वैसे मुझे भी एक गाँठ है. मॅडम लगेच तिला सोमवारी सकाळी दवाखान्यात घेऊन जायच्या. बहुतेक गाठी निरुपद्रवी निघाल्या. शेजारणींचे नवरे मॅडमना टाळायला लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी मीही तिथे होते. मॅडमची आई खाटेवर बसून शेंगा फोडत होती. बुटकी, सावळी, डोक्यावर पदर, आणि लेकीच्या कुठल्याही बोलण्यावर न हसणारी. केरळ म्हणाली, "आज माताजी की बारी."

"आईचं काय विचारायचं? आई शंभरी गाठणार," मॅडम म्हणाल्या. पण बाया ऐकेनात, तेव्हा प्रश्नावली माझ्या हातात आली आणि मॅडम मेलेल्या बाईची लेक झाल्या.

"वजन कमी झालं होतं का?" मी विचारलं.

"नाही."

"भूक?"

"दोन भाकरी. मला कमी पडायची."

"अंगावरून जात होतं का?"

"छे, पाळी जाऊन तीस वर्षं झाली तिची."

"जाते अंगावरून," आई म्हणाली.

मॅडम हसल्या. "आई, मेलेल्या माणसानं मधे बोलायचं नसतं."

"मंग कोण सांगन? तुले तं मालूम नाही." आईनं शेंगेचं टरफल खाली टाकलं. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलो होतो, तवापासून हाय."

मॅडम आईसमोर उकिडव्या बसल्या. देशभरच्या सुनांकडून त्यांनी हे वाक्य काढून घेतलं होतं. इथे सून नव्हती. चादरी मशीन धुवायची आणि ती आईच लावायची, लेक ऑफिसातून यायच्या आधी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज ताटावर बसली का सांगते ना, उशिरा आलेल्या बाया वाचत नाहीत. मले वाटलं, झाला उशीर. मंग तुले कायले त्रास?"

मॅडम उठल्या, आईच्या चपला शोधून तिच्या पायांत घातल्या, उलट्या घातल्या गेल्या म्हणून पुन्हा काढून सुलट्या घातल्या. रविवार होता, कुठल्याही दवाखान्याची ओपीडी उघडी नव्हती, हे त्यांना मीच सांगितलं.

तपासण्यांना आठवडा गेला. मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, आणि त्याला मॅडमचं काम ऐकून माहीत होतं. तो आदरानं इंग्रजीत बोलायला लागला. आजार अगदी सुरुवातीचा नव्हता आणि शेवटचाही नव्हता. अशा बायकांपैकी किती जणी पाच वर्षं काढतात ते त्यानं सांगितलं. तो आकडा मॅडमना त्याच्याआधी पाठ होता. त्यांनी तो कितीतरी सभांमध्ये सांगितला होता, साहेबांच्या तोंडावर, हातवारे करून. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.

"काय म्हणून रायला तो?" आईनं विचारलं.

"म्हणतो, पाणी जास्त प्या."

"एवढ्या मोठ्या इंग्रजीत एवढंच?"

"डॉक्टर आहे. लांबवून सांगतात."

उठताना आईनं डॉक्टरला हात जोडले आणि हिंदीत म्हणाली, "पिऊँगी." मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. फरीदाबादच्या मांडवात ज्यांच्यावर चिडले होते, त्याच बाईनं माझ्यासमोर इतकं साधं खोटं बोलावं, हे मला सहन झालं नाही.

मग रोजचं लाइट सुरू झालं, म्हणजे किरणांचा उपचार. मॅडमनी रजा टाकली. आईला खुर्चीत बसवून त्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि ती रांग म्हणजे त्यांचा नकाशाच जिवंत होऊन बसलेला. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, हरयाणा, सतरंज्या, थर्मास, पोळ्यांची पुडकी. मॅडमना गप्प बसवेना. आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. कुठला ज़िला, कब से तकलीफ, पहले किसको दिखाया. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकायचे. लाल शालवाली एक बाई होती, नवऱ्याबरोबर आलेली. तिचे कागद बघून मॅडम म्हणाल्या, "इतनी देर क्यों की? इस हालत में बहुत कम औरतें बचती हैं, पता है?" आणि तिला आकडा सांगितला. खरा होता. बाई ऐकून घेऊन सतरंजीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईनं एकदा विचारलं, ती लाल शालवाली कुठं गेली. मॅडम म्हणाल्या, "दुसरी वेळ मिळाली असेल तिला."

आईचं लाइट संपलं. उन्हाळा गेला, तपासण्या बऱ्या आल्या. आई पुन्हा दोन भाकऱ्यांवर आली, आणि एका रविवारी मॅडमनी मला जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी, ठेचा, ज्वारीची भाकरी. पीठ गावाहून आलेलं. जेवताना आई सहज म्हणाली, "आता सांग. तो डॉक्टर खरं काय बोलला होता?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, तो आईचा आहे.

आईनं तो ऐकला. भाकरीचा पापुद्रा सोलला.

"बरं झालं तवा नाही सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तं मी लाइट घ्यायले आलीच नसती."

"माहीत होतं मला."

"मंग त्या शालवालीले काहून सांगितलं?"

"ती माझी आई नव्हती ना," मॅडम म्हणाल्या.

त्या नेहमीसारख्याच बोलल्या, पटकन आणि खरं. घास त्यांच्या हातातच राहिला. आईनं आणि मी खाली बघून जेवण संपवलं, आणि मॅडम ताटावर तशाच बसून राहिल्या.